कुंदाताईची पाच गावं

मुरूम मी त्याआधी फक्त ट्रकमधून उतरताना पाहिला होता. पुण्यात आमच्या गल्लीत कुठे इमारत उठायची असली की त्याचा ढीग येऊन पडतो, मुलं दोन दिवस त्यावर चढउतार करतात आणि मग तो जमिनीत नाहीसा होतो. भंडारा जिल्ह्यात त्याचे रस्ते आहेत. तांबूस, खडबडीत, धानाच्या बांध्यांमधून निघून सरळ जंगलात शिरणारे. दोन बाजूंना बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी, आणि वर सगळीकडे सुटे खडे. या रस्त्यांवर मी तीन दिवस सायकल चालवली. पडले एकदाच. पण त्या पडण्यावर माझ्या चुलत बहिणीची नोकरी अडकली होती, म्हणून हे नीट लिहायला हवं.

सानगडी

एशियाड होऊन तीन-चार वर्षं झाली होती. माझी बी.ए.ची सहामाही परीक्षा संपली आणि बाबांनी मला त्यांच्या गावी पाठवलं. वरठीला रेल्वेतून उतरले, साकोलीपर्यंत एस.टी. आणि तिथून दुसरी एस.टी. बाबांचे मोठे भाऊ सानगडीत राहतात. त्यांना मी मोठेबाबा म्हणते आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. धानाची शेती आणि थोडा धानाचाच व्यापार. उंच, सावकाश बोलणारे, एक वाक्य बोलायच्या आधी सुपारी कातरणारे. त्यांच्या दोन मोठ्या मुली लग्न होऊन गेल्या, धाकटी कुंदाताई घरी होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि माझ्याहून दहापट बोलणारी.

मी पोचले तेव्हा घरात एक कागद फिरत होता. कुंदाताईनं भंडाऱ्याला नर्सचं शिक्षण पुरं केलं होतं आणि तिला जांभूळटोल्याच्या आरोग्य उपकेंद्रावर नेमल्याचा तो हुकूम होता. सोमवारी हजर व्हायचं होतं. उपकेंद्राखाली पाच गावं, सगळी जंगलाच्या कडेला, आणि त्या गावांची फेरी सायकलवर करायची.

"पाच गावं," मोठेबाबा म्हणाले. "जंगलातून. एकटी पोट्टी."

"हव जी," कुंदाताई म्हणाली.

"रस्त्यात पंक्चर झाली तं?"

"काढतो मी." तिकडे बायकाही 'जातो, येतो, काढतो' म्हणतात. पहिल्या दिवशी मला ते विचित्र वाटलं, तिसऱ्या दिवशी मलाही तसंच बोलावंसं वाटू लागलं.

मोठेबाबांनी सुपारी कातरली. "उद्या गुरुवार. गुरुवार, शुक्रवार, शनवार, तीन दिवस हायेत. पाचही गावं फिरून ये. जाशील तं सायकलीवर, येशील तं सायकलीवर. कोनाच्या भरोशावर नाई. जमलं तं सोमवारी जा. नाई जमलं तं थो कागद वापस पाठवून देऊ. मंग मी पाहून ठेवलेल्या पाव्हण्याले हो मनू."

"एकटी जाऊ?"

"रोहिणी जाईल संगं. पुण्याची हाये, सायकल येतच असन. थे पाहील, आन् थे मले सांगन. थे बोलत नाई. जे बोलत नाई थे खोटंबी बोलत नाई."

"थे बोलतच नाई तं सांगन काय?" कुंदाताई म्हणाली, आणि मोठी आई चुलीपुढे हसू लागली. मी दाराला धरून उभी होते. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मी 'हो' एवढंच म्हटलं असतं. इंग्रजी शाळेत मी बारा वर्षं मागच्या बाकावर काढली. चारचौघांत उभं राहून बोलायचं म्हटलं की माझ्या हाताला घाम येतो, भाषा कुठलीही असो.

कुंदाताईची स्वतःची जुनी लेडीज सायकल होती. मला मोठेबाबांनी त्यांची दिली. काळी, उंच, दांडीची, रोज सकाळी धोतराच्या फडक्यानं पुसलेली. देताना ते माझ्याकडे नाही, सायकलकडे पाहत होते.

जांभूळटोला

सकाळी धुकं होतं. मोठ्या आईनं तांदळाच्या भाकरी, जवसाची चटणी आणि वांग्याची कोरडी भाजी दोन डब्यांत भरून दिली. कुंदाताईनं पदर खोचला, मी ओढणी कमरेला बांधली, आणि आम्ही निघालो. धान कापून झालं होतं. बांध्यांमधे त्याचे पुंजणे उभे होते, म्हणजे पेंढ्यांचे गोल ढीग, लांबून एखाद्या वस्तीसारखे दिसणारे. कापलेल्या धानाच्या धसकटांतून लाखोळी डाळीची हिरवी पानं वर आली होती. तिकडे शेत रिकामं झालं असं म्हणताच येत नाही.

"ऐकून घे," कुंदाताई म्हणाली. "मुरमावर चाकोरी सोडाची नाई. उतारावर पुढचा ब्रेक दाबाचा नाई. मांगचा दाबाचा, थोबी हळूहळू."

"हो," मी म्हटलं. मी पुण्यात सातवीपासून सायकल चालवते. लक्ष्मी रोडच्या गर्दीत चालवते. मला हे सगळं माहीत आहे, असं मी मनात म्हटलं.

तासाभरानं रस्त्यावर काहीतरी काळपट पसरलेलं दिसलं. उडदाची वाळलेली झाडं, शेंगांसकट, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. बाजूला चार बायका बसल्या होत्या. कुंदाताई बरीच मागे राहिली होती, रस्त्यात कुणाशी तरी बोलत. मी उतरले. आमच्या घरी धान्याला पाय लागला तर हात लावून कपाळाला लावतात, म्हणून ती अवजड सायकल मी खांद्याच्या जोरावर उचलली आणि चिखलाच्या बांधावरून वळसा घालू लागले. चप्पल रुतली. बायका बघत राहिल्या. मग एक म्हातारी ओरडली.

"ओ बाई! कायले उतरली वो?"

"तुमचा उडीद..."

"उडीद कायले टाकला मंग रस्त्यावर? चालव ना वरून! सकाळपासून एक गाडी नाई आली, न आली तं हे सायकल उचलून चालली!"

तेवढ्यात कुंदाताई आली आणि न थांबता उडदावरून करकरत गेली. शेंगा फटाफट फुटल्या. गाड्यांच्या चाकांखाली मळणी करून घ्यायची ही त्यांची रीत होती आणि आमची चाकं त्यांना हवीच होती. मग आम्हाला सोडलंच नाही. "आनखी एक चक्कर! कडंनं घे, कडंनं! पुण्याची बाई, जोरानं!" मी गोल गोल फिरत होते आणि शेवटच्या फेऱ्यांना मला ऐकू आलं की मोठ्यानं हसणारी मीच आहे. अनोळखी माणसांसमोर मी असं कधी हसले नव्हते. जाताना त्यांनी मिठात उकडलेल्या वालाच्या शेंगा ओंजळभर दिल्या. त्यांना तिकडे पोपट म्हणतात. सायकल चालवत शेंगा सोलणं मला जमेना, कुंदाताईला जमत होतं.

जांभूळटोल्याला उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, कौलं, आणि कुलूप. किल्ली कोतवालाकडे होती. आत छताला टांगलेला तराजू, एक लाकडी कपाट आणि पालींचं मोठं कुटुंब. कुंदाताईनं आधी झाडू मागितला. तिनं अर्धी खोली झाडेपर्यंत दारात पंधरा बायका जमल्या. माझ्या मनगटावर घड्याळ होतं आणि डोळ्यांना चष्मा, त्यामुळे सगळ्या माझ्याकडेच पाहत होत्या.

"नर्सबाई, माह्या पोटऱ्या लई दुखून राहिल्या," एकीनं मला सांगितलं.

मी कुंदाताईकडे बोट दाखवलं. बाई झाडू मारणाऱ्या मुलीकडे पाहून म्हणाली, "थे?"

"थेच," कुंदाताई झाडू न थांबवता म्हणाली. "बस अठी. दिवसभर चिखलात उभी राहत असशील धान बांधाले." बाई बसली. तिला एवढं कळलं म्हणजे हीच नर्स, हे मग सगळ्यांना पटलं.

संध्याकाळी कोतवालाच्या घरी जेवलो. आमच्याकडे भात वरणापुरता येतो आणि शेवटी पुन्हा एकदा. इथे भात हेच जेवण. चिन्नोर तांदळाचा, शिजताना वास शेजारच्या घरापर्यंत जाणारा, सोबत सुक्या झिंग्यांची तिखट भाजी. मी तीनदा भात घेतला. कोतवालाची बायको कुंदाताईच्या कानात म्हणाली, पण मला ऐकू गेलं, "एवढीशी दिसते, पण जेवते चांगली."

तलावाच्या दोन काठांवर

दुसऱ्या दिवशीची दोन गावं एकाच तलावाच्या दोन काठांवर आहेत. तिकडचे तलाव शे-दोनशे वर्षांपूर्वी माणसांनी बांध घालून केलेले आहेत, पण आता ते डोंगरांनी स्वतःच करून ठेवल्यासारखे वाटतात. बांधावरून सायकल चालवताना डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला खाली शेतं. पाण्यात शिंगाड्याचे वेल पसरले होते आणि एक माणूस छोट्या डोंग्यात बसून ते उलटवून फळं तोडत होता. त्यानं काठावर येऊन टोपलीतले ओले शिंगाडे आम्हाला दिले. पुण्यात मी शिंगाडा पिठाच्या रूपात उपासाला खाल्ला होता. ओला शिंगाडा दातांखाली कुरकुरतो आणि थंड, गोड दूध सुटतं. मी आठ खाल्ले आणि ओठाला एक काटा टोचून घेतला.

"सोलाचा आंधी, मंग खावाचा," तो माणूस म्हणाला. "पुण्याले सालासकट खातेत काय जी?"

तलावानंतर जंगल दाट होतं. मोह, तेंदू, बांबू, आणि मगरीच्या पाठीसारख्या सालीची ऐनाची उंच झाडं. उन्हाचे तुकडे रस्त्यावर पडलेले. उतार लागला की चाकांखालून खडे उडून दांडीवर टणटण आपटायचे आणि तो आवाज मला फार आवडू लागला. इथे माझ्या लक्षात एक गोष्ट आली. कुंदाताई अखंड बोलत असे, पण वळण आलं की गप्प व्हायची आणि दोनदा घंटी वाजवायची. प्रत्येक वळणाला.

"घंटी कशाला?" मी विचारलं. दोन दिवसांतला तो माझा पहिला आपणहून विचारलेला प्रश्न असावा, कारण ती ब्रेक दाबून थांबलीच.

"अस्वल," ती म्हणाली. "अचानक समोर गेलं तं थे अंगावर येते. आंधी सांगून द्याचं, मी येऊन राहिली मनून." मग थोडं थांबून म्हणाली, "मले भेव लागते, रोहिणी. बाबाले नको सांगू. नाई, सांगायचं असन तं सांग. पण मले थे पाव्हणे नाई पायजेत. मले हेच पायजे."

मी मान हलवली. मला वाटलं होतं, घाबरट मीच आहे आणि ती शूर आहे. ती घाबरत होती आणि जात होती. त्यानंतर वळणावर मीही घंटी वाजवू लागले.

मुक्काम चौथ्या गावात, खैरटोल्याला, देवाजीभाऊंकडे. मोठेबाबा त्यांच्याकडून धान घेतात. त्यांनी ओसरी दिली, त्यांच्या बायकोनं दोन गोधड्या आणि गरम पाणी.

घाट

खैरटोल्याच्या मागे डोंगर आहे आणि डोंगरापलीकडे पाचवं गाव, मोहटोला. मधे एकच घाट, दीड कोसाचा. तिसऱ्या दिवशी सकाळी तो चढून जायचं, मोहटोल्यातलं काम आटपायचं, तोच घाट उलटा ओलांडून खैरटोल्याला यायचं आणि संध्याकाळपर्यंत सानगडी.

चढावर आम्ही सायकली ढकलतच नेल्या. माझं मागचं मडगार्ड आदल्या दिवशीपासून चाकाला घासत होतं. माथ्यावर ऐनाच्या झाडाखाली दगडांचा एक मोठा ढीग होता. मला वाटलं, रस्त्याच्या कामासाठी टाकलेत. कुंदाताई पाणी पीत होती. मी ढिगातला एक चपटा, हातात बसणारा दगड उचलला आणि मडगार्डवर ठोकू लागले. तीन-चार ठोके झाले असतील.

"ठेव थो गोटा!"

डोक्यावर मोहलाईनच्या पानांचा भारा घेतलेली एक म्हातारी वाटेत उभी होती. पत्रावळींसाठी ती पानं गोळा करतात. भारा न उतरवता ती माझ्यावर धावून आली.

"घाटाचा देव हाये थो! जो घाट चढते थो एक गोटा ठेवते. आमी ठेवतो, आमच्या बुढ्यांनी ठेवले. आन् तू उचलून ठोकून राहिली? कोनाची पोरगी हायेस वो?"

माझ्या हातातून दगड गळला. कुंदाताईचा चेहरा उतरला होता. "माय, बाहेरगावची हाये जी. थिले ठाऊक नाई."

"ठाऊक नाई तं विचाराचं. तोंड नाई काय थिले?"

हा प्रश्न मला आयुष्यात बऱ्याच जणांनी विचारलाय, पण इतक्या योग्य वेळी कुणी नाही. म्हातारीनं शिक्षा सांगितली. उचललेला दगड जागच्या जागी ठेवायचा आणि आणखी पाच आणायचे, खालच्या नाल्यातून, माथ्यावरचे चालत नाहीत. मी उतरले, नाल्यात पाच गुळगुळीत दगड निवडले, ओढणीत बांधून वर आणले आणि एकेक ठेवले. तोवर म्हातारीनं भारा उतरवला होता आणि कुंदाताई नर्स आहे हे तिला कळलं होतं.

"माह्या सुनंले सातवा चालू हाये," ती आता मऊ आवाजात म्हणाली. तिचं नाव यमुनाबाई. मोहटोल्याचीच. मग भारा माझ्या कॅरियरवर बांधला गेला आणि घाटाच्या देवाला सहा दगड देणारी पुण्याची पोरगी ही गोष्ट आमच्या आधी गावात पोचली. "पाच देल्ले, एक वापस केला," यमुनाबाई प्रत्येकाला हिशोब बरोबर सांगत होती.

कुंदाताईनं सुनेला तपासलं. मी दाराबाहेर उभी होते, पण आतला आवाज ऐकू येत होता. पायावर सूज आहे का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, शेवटचं पोट भरून कधी जेवलीस. मधेच यमुनाबाई काही सांगू लागली तर, "माय, थिले बोलू दे." म्हातारी गप्प बसली. दोन तासांपूर्वी मला दगड आणायला लावणारी.

परतताना तीन वाजले होते. माथा ओलांडून उतार लागला. मडगार्ड आता घासत नव्हतं, पाचही गावं झाली होती, आणि मी इतक्या आनंदात होते की कुंदाताईच्या पुढे गेले. वारा कानांत भरला. वळण आलं. घंटी वाजवली. आणि पुढचा ब्रेक दाबला.

चाक थांबलं, मुरूम थांबला नाही. सायकल आडवी घसरत गेली, हँडल फिरलं, आणि मी घाणेरीच्या झुडपात पडले. उठायला गेले तर डावा पाय टेकेना.

कुंदाताई धावत आली. मला वाटलं ती ओरडेल. तिनं चप्पल काढली आणि घोटा दोन्ही हातांत धरला. "बोटं हालव. हालली? अठी दाबलं तं दुखते? अठी? बरं. मोडलं नाई, मुरगळला." पिशवीतून पट्टी काढून घट्ट बांधली. तिच्या आवाजात बहीण नव्हती, नर्स होती, आणि त्यामुळे मला रडू आलं नाही.

"सायकल चालवता येईल का मला?" मी विचारलं.

"नाई."

दोघींनाही त्याचा अर्थ माहीत होता. ती घाटाखाली पाहत थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मी देवाजीभाऊची बंडी आणतो. तू घंटी वाजवत राह्य." आणि ती बैलगाडी आणायला गेली.

दीड तास मी एकटी होते. घंटी वाजवून अंगठा दुखला, तेव्हा मी शाळेतल्या प्रार्थना म्हणायला लागले, एकामागून एक, मोठ्यानं. समोरच्या बांबूवर एक वानर येऊन बसलं आणि संपूर्ण प्रार्थनासभा संपेपर्यंत हललं नाही. शाळेत माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही जात नसे. इथे तो समोरच्या डोंगरावरून परत येत होता.

मग खालून घंटी ऐकू आली. मी उत्तर दिलं. पुन्हा खालून. बंडीच्या पुढे, सायकल ढकलत, घामानं भिजलेली कुंदाताई वळणावर दिसली.

देवाजीभाऊंनी मला तणसाच्या पेंढ्यांवर बसवलं, सायकल चढवली. "बाई, तुमचीबी टाका. जागा हाये. पोचेपर्यंत अंधारच पडन, कोन पाहते?"

"नाई जी. मी येतो पुढून."

सानगडीपर्यंत ती बंडीपुढे सायकल चालवत राहिली. अंधार पडला तेव्हा मला तिची फक्त पांढरी साडी दिसत होती. वाटेत एकदा बंडी तिच्या बरोबरीला आली, तेव्हा मी विचारलं, "घरी काय सांगू?"

"तुले जे सांगायचं थे सांग," ती म्हणाली आणि पुढे गेली.

ओसरीवर

दिवेलागण होऊन गेली होती. ओसरीवर मोठेबाबा, शेजारचे पांडुरंगकाका आणि दारात मोठी आई. बंडी अंगणात शिरली आणि पांडुरंगकाका उठून उभे राहिले.

"मी काय मनलं होतं? गेल्या सायकलीवर, आल्या बंडीत. आता काय विचारता गा हिले?"

मोठेबाबा पुढे आले. मला हाताला धरून उतरवलं, मोठ्या आईनं हळद गरम करायला घेतली. त्यांनी एकदा सायकलीच्या वाकड्या हँडलकडे पाहिलं. मग बसले, सुपारी हातात घेतली, पण कातरली नाही.

"रोहिणी. सांग."

कुंदाताई खांबाजवळ उभी होती, जमिनीकडे बघत. माझ्या हातांना घाम आला. मी उभी राहिले, कारण बसून सांगणं मला पळवाट वाटली, आणि एका पायावर तोल सावरत बोलू लागले.

"बंडीत मी आले, मोठेबाबा. कुंदाताई नाही आली. तिनं मला सांगितलं होतं पुढचा ब्रेक दाबू नको, मी दाबला. हँडल माझ्यामुळे वाकलं. मडगार्डला पोचेही मीच पाडले, ठोकून. ज्या दगडानं ठोकलं तो घाटाच्या देवाचा होता."

"अव माय!" मोठी आई आतून म्हणाली.

"तो परत ठेवला. शिवाय पाच दिले."

पांडुरंगकाका हसले, आणि मोठेबाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग मी थांबलेच नाही. उडीद सांगितला, झाडू मारताना ओळखलेली नर्स सांगितली, यमुनाबाईला गप्प बसवलेलं सांगितलं. माझी पुस्तकी मराठी मला ऐकू येत होती आणि तरी मी बोलत होते. तिला भीती वाटते हेही सांगितलं. कुंदाताईनं झटकन वर पाहिलं. "वाटते, तरी ती जाते," मी म्हटलं.

"बंडी कोनी आणली?" मोठेबाबांनी विचारलं.

"कुंदाताईनं. मला पट्टी बांधली, सायकलवर घाट उतरून खैरटोल्याला गेली, बंडी घेऊन परत वर आली आणि पुन्हा उतरली."

ते बोटांवर मोजू लागले. "म्हंजे सकाळी एक चढ. मोहटोल्याहून येतानी दुसरा. बंडीसाठी तिसरा. एका दिवसात?"

"हो."

"बसून चढली का उतरून?"

इथे एक छोटं खोटं बोलता आलं असतं. "उतरून. ढकलत."

त्यांनी मोजलेली बोटं मिटली.

"थ्या चढावर मीबी उतरतो," मोठेबाबा म्हणाले. मग पांडुरंगकाकांकडे वळून, "बंडी थिनं आणली गा. बंडीनं थिले नाई आणलं." आणि त्यांनी सुपारी कातरली.

कुंदाताई खांब सोडून माझ्याजवळ आली आणि माझा दुखरा पाय विसरून मला इतक्या जोरात मिठी मारली की मी ओरडले.

सोमवारी सकाळी मी मोठ्या आईच्या खांद्याला धरून गावाच्या कडेपर्यंत गेले. कुंदाताईच्या कॅरियरवर पत्र्याची पेटी बांधली होती. मोठेबाबा घरापासून ती सायकल स्वतः ढकलत आले होते. डांबर संपून मुरूम सुरू होतो तिथे ती बसली. त्यांनी मागून कॅरियर धरलं. ती पायडल मारू लागली, ते बरोबर चालू लागले, मग भरभर, मग धोतर सावरत पळू लागले.

"बाबा, सोडा ना जी!"

"सोडतो, सोडतो."

आणखी दहा पावलं गेल्यावर त्यांनी सोडलं. ती डगमगली नाही, सरळ चाकोरीतून गेली. ते मधेच उभे राहिले, हात अजून पुढेच, कॅरियर धरल्यासारखा. मग त्यांना मी पाहतेय हे दिसलं. हात धोतराला पुसत ते आमच्याकडे परत आले.

"मांगच्या चाकात हवा कमी वाटली," ते मला म्हणाले. "मनून पाहून राहिलो होतो."

हवा त्यांनीच पहाटे भरली होती, अंगठ्यानं दाबून दोनदा पाहिली होती. मी ओसरीवरून बघत होते. पण ते मला कुणी विचारलं नव्हतं.